पायातली उडी, छातीतला दम

"कुणी धक्कासुद्धा लावला नाही हो ताई," ती पोरगी सारखं एकच सांगत होती. सतरा वर्षांची, शाळेच्या हॉकी संघात पुढच्या फळीत खेळणारी. सरावाच्या शेवटी उड्या मारताना एकदा डावा पाय टेकला, गुडघा आतल्या बाजूला वळला, आतून 'टक्' असं काहीतरी वाजलं आणि ती तिथेच खाली बसली. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. घरच्यांनी हळदीचा लेप लावला, मग एका मालिशवाल्याकडे नेलं. माझ्याकडे आली तेव्हा तिसरा आठवडा लागला होता. एमआरआय काढला, तर गुडघ्यातला एसीएल तुटलेला. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून गुडघ्याच्या आत जे आडवे-तिडवे दोरखंड असतात, त्यांपैकी हा पुढचा.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मला वाटलं, बाहेर आल्यावर ती आधी खर्चाचं विचारेल. तिने विचारलं, "सिस्टर, म्हणजे पोरींच्या जातीने हे असलं खेळूच नये का?" हा प्रश्न वस्तीत तिच्या एकटीचा नाही. एका मुलीचा गुडघा गेला की आजूबाजूच्या चार घरांतल्या मुलींच्या हॉकी स्टिक माळ्यावर जातात.

मी मुलीला सरावाबद्दल खोदून विचारलं. रोज आधी मैदानाला पंधरा फेऱ्या, मग स्टिक घेऊन खेळ, आणि अंधार पडायच्या सुमाराला शंभर बेडूकउड्या. मैदान मांडवासाठी खणून ठेवलेलं, म्हणून त्या दिवसांत उड्या सिमेंटच्या ओट्यावर. सर म्हणायचे, दम वाढला पाहिजे आणि पायात स्प्रिंग पाहिजे. सरांची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. चुकला तो क्रम, चुकलं ते माप, आणि उडी मारल्यावर उतरायचं कसं हे त्या मुलींना कुणी शिकवलंच नव्हतं. मी सरांना दोष देत नाही. शेकडो मुलांमागे एकटा माणूस, आणि त्यालाही हे कुणी शिकवलेलं नाही.

हॉकीत दम आणि उडी दोन्ही का लागतात, ते आधी पाहू. मैदान 91.40 मीटर लांब, 55 मीटर रुंद. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, एकूण 60 मिनिटं. मोठ्या सामन्यात खेळाडू साधारण पाच-सहा किलोमीटर अंतर कापते. पण हे अंतर सलग धावायचं नसतं. ती चालते, दुडक्या चालीने सरकते, मग एकदम दहा-वीस मीटर जीव खाऊन पळते, खटकन थांबते, वळते, कंबरेत वाकून चेंडू अडवते, पुन्हा पळते. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे समोरची ताजी असते आणि वेग उतरत नाही. महिलांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली 1980 साली, तोवर गवताची जागा कृत्रिम मैदानाने घेतली होती. म्हणजे बायकांच्या वाट्याला ऑलिम्पिकची हॉकी आली ती पहिल्यापासूनच वेगाची. आपल्या मुली मात्र अजून मातीवर शिकतात आणि निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा त्या हिरव्या पट्ट्यावर पाय ठेवतात.

टोकिओ ऑलिम्पिक तुम्हाला आठवत असेल. 30 जुलै 2021 ला आपल्या मुलींनी आयर्लंडला 1-0 असं हरवलं, तो गोल नवनीत कौरने 57व्या मिनिटाला केला. दुसऱ्याच दिवशी, 31 जुलैला, दक्षिण आफ्रिकेशी सामना. तो 4-3 ने जिंकला आणि त्यात वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिलेची ती पहिली हॅट्‌ट्रिक. तिसरा गोल 49व्या मिनिटाला, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत. लागोपाठ दुसऱ्या दिवशी, टोकिओच्या उकाड्यात, सामना संपत आलेला असताना गोलसमोर अर्ध्या पावलाने पुढे पोचणं, यालाच मी दम आणि उडी एकत्र असणं म्हणते. नुसता दम असता तर ती तिथे पोचली असती, पण उशिरा. नुसती उडी असती तर ती पहिल्या पंधरा मिनिटांतच संपली असती.

पुढचं तर आपल्याला पाठच आहे. 4 ऑगस्टला उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हार झाली आणि हरिद्वारजवळ रोशनाबादला वंदनाच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असं ओरडलं गेलं, अशी तक्रार तिच्या भावाने पोलिसांत दिली. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात याच वंदनाने पुन्हा गोल केला. त्या अपमानावर आपण बोललो, लिहिलं, निवेदनं दिली. ते केलंच पाहिजे होतं. पण तिचे पाय 49व्या मिनिटाला एवढे ताजे कसे राहिले, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारलं. मला नर्स म्हणून तेच विचारावंसं वाटतं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये आपला महिला संघ बारा संघांत शेवटचा होता, टोकिओत चौथा. या मधल्या काळात संघाला प्रशिक्षक श्योर्ड मारिन यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेचे वेन लोम्बार्ड हे तंदुरुस्तीचं शास्त्र जाणणारे सल्लागार मिळाले. कुणी किती पळायचं, कुणी आज थांबायचं, हे मोजून ठरू लागलं. त्या संघातल्या बऱ्याच मुली आपल्यासारख्याच घरांतून आल्या होत्या. राणी रामपालचे वडील गाडा चालवायचे. सरावाला दूध न्यावं लागायचं, घरात तेवढं नसायचं, म्हणून ती त्यात पाणी घालून न्यायची, असं तिने स्वतः सांगितलं आहे. निक्की प्रधान आणि सलीमा टेटे झारखंडच्या आदिवासी गावांतून आल्या. म्हणजे पोरी त्याच होत्या, मोजमाप नवीन आलं.

आता उडीचं बघू. या व्यायामांना प्लायोमेट्रिक म्हणतात. 1960 च्या दशकात सोव्हिएत रशियात युरी वर्खोशान्स्की यांनी ही पद्धत नीट बसवली, प्लायोमेट्रिक हे नाव अमेरिकेत 1975 च्या सुमारास पडलं. नाव अवघड असलं तरी गोष्ट घरचीच आहे. उभ्या-उभ्या उडी मारताना आपण आधी किंचित खाली बसतो. त्या क्षणी पोटरी, मांडी आणि टाचेवरची जाड शीर रबरासारखी ताणली जाते, आणि लगेच वर उसळलं की ती ताणलेली शक्ती परत मिळते. विश्वास नसेल तर आत्ता करून बघा. एकदा पटकन खाली बसून उडी मारा. मग खाली बसून तीन आकडे मोजा आणि तिथूनच उडी मारा. दुसरी उडी कमी भरेल, कारण थांबलात तेवढ्यात रबर ढिलं पडलं. लंगडी, दोरीउड्या, ठिकरी हे सगळे याच जातीचे खेळ. आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यायाम करत आल्या. वयात आल्यावर तो बंद केला जातो, हीच अडचण.

दमाचं काम वेगळं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींना प्राणवायू वापरायची सवय लागते. त्याला वेळ आणि सातत्य लागतं. उडीला ताजेपणा लागतो. इथेच दोघांचं भांडण होतं. 1980 साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी तीन गट केले: एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, एक दोन्हींचा. दहा आठवडे, ताकदीला आठवड्यातले पाच दिवस आणि दमाला सहा. दोन्ही करणाऱ्यांचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सात-आठ आठवडे वाढून थांबली आणि मग उतरू लागली. याचा अर्थ काही प्रशिक्षक असा काढतात की दोन्ही एकत्र करूच नये. मला तसं वाटत नाही. तिसऱ्या गटाची माणसं आठवड्यातून अकरा वेळा घाम गाळत होती. त्यांचं शरीर दुरुस्त व्हायला वेळच कुठे होता?

उलट बाजूचाही पुरावा आहे. 1999 साली फिनलंडमध्ये लीना पावोलायनेन आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा एकूण सरावाचा वेळ तेवढाच ठेवला, पण त्यातलं काही धावणं काढून त्या जागी उड्या आणि छोट्या वेगवान धावा घातल्या. नऊ आठवड्यांनी त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. प्राणवायू घेण्याची त्यांची क्षमता वाढली नव्हती. प्रत्येक पाऊल स्वस्तात पडू लागलं होतं. म्हणजे उडी दमाला मदत करते, पण कधी? दमाच्या डोक्यावर आणखी ओझं म्हणून न ठेवता, दमाचा थोडा वाटा काढून तिला दिला तर. एवढंच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. (ते धावपटू सगळे पुरुष होते. बायकांच्या शरीरावरचा अभ्यास कायम उशिरा आणि कमी होतो, हे मला वॉर्डातही दिसायचं.)

मुलींच्या गुडघ्यावर मात्र अभ्यास झाला आहे. सारख्याच खेळात मुलींचा एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आढळतं. वयात आल्यावर कंबर रुंदावते, मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने कमी पडतात, उतरताना गुडघे आत झुकतात. पण सगळं निसर्गावर ढकलू नका. मुलगा लहानपणापासून भिंतीवरून उड्या मारतो, मुलीला सांगितलं जातं, नीट बस. उतरायचा सराव तिला मिळालेलाच नसतो. 1999 मध्येच अमेरिकेतल्या शाळकरी मुलींच्या संघांवर झालेल्या अभ्यासात हंगामाआधी सहा आठवडे उडी मारायला आणि उतरायला शिकवलं, तर त्या मुलींना गुडघ्याच्या गंभीर दुखापती कमी झाल्या. म्हणजे ज्या उडीने आपल्या मुलीचा गुडघा गेला, तीच उडी नीट शिकवली असती तर गुडघा वाचण्याची शक्यता वाढली असती. तिच्या आईला मी हेच सांगितलं.

मग करायचं कसं? पहिले दोन-तीन आठवडे उंच उडी नाहीच, फक्त उतरणं. एका विटेच्या उंचीवरून दोन्ही पायांवर उतरायचं, आवाज न करता. धप्प असा आवाज आला की चुकलं. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आत नाहीत. ढुंगण मागे, पाठ सरळ. मैत्रिणीने समोर उभं राहून गुडघे बघायचे. मग जागच्या उड्या, दोरीउड्या, छोट्या अडथळ्यावरून उड्या. नंतर आडव्या उड्या, कारण हॉकीत सरळ पळण्यापेक्षा बाजूला झेपावणं जास्त, आणि गोलरक्षक मुलीला तर त्याच जास्त लागतात. एका पायाच्या उड्या सगळ्यांत शेवटी. नव्या मुलीने एका दिवशी साठ-सत्तर वेळा पाय टेकवले की पुरे. लंगडीतलं प्रत्येक पाऊल त्यात मोजायचं. शंभर बेडूकउड्यांचा हट्ट सोडा. गवत किंवा भुसभुशीत माती चालेल, सिमेंट आणि डांबर नाही.

उड्या आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. सोमवारी आणि गुरुवारी धरा. त्या दिवशी अंग गरम झाल्यावर सगळ्यांत आधी उड्या, मग स्टिकचं काम. थकलेल्या पायांनी उडी कधीच नाही. दमासाठी मंगळवारी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. जोरात म्हणजे एक अख्खं वाक्य बोलता येऊ नये इतकं. शुक्रवारी छोट्या मैदानात चार विरुद्ध चार असा खेळ. मुलींना तो फेऱ्यांपेक्षा आवडतो आणि दम तेवढाच लागतो. बुधवारी फक्त कौशल्य, शनिवारी सामना, रविवारी सुट्टी. सामन्यांचा हंगाम लागला की उड्या निम्म्या. महिन्यातून एकदा भिंतीला खडूने हात टेकवून उंच उडी मोजा आणि वहीत लिहा. उडी दोन महिने वाढली नाही किंवा घटली तर आणखी व्यायाम लावू नका, कमी करा. हा साधा खडू महागड्या यंत्राचं बरंच काम करतो.

सोण थेरांची गोष्ट विहारात आपण ऐकली आहे. चालत ध्यान करता करता त्यांच्या पायांतून रक्त आलं, तरी मन स्थिर होईना. ते गृहस्थ असताना वीणा वाजवायचे, म्हणून तथागतांनी त्यांना तारांबद्दल विचारलं: फार ताणली तर वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का? मला ही गोष्ट आठवते ती पायातल्या शिरांमुळे. टाचेवरची शीरही तारच आहे.

पण सगळं वेळापत्रक पाळलं आणि अंगात रक्तच नसलं तर? दुखापत झालेल्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊच्या जवळ होतं. तिच्या मैत्रिणींना तपासायला लावलं, तर अर्ध्याहून जास्त मुली बाराच्या खाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे मला धक्का बसला नाही, रागच आला. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर फेऱ्या वाढवून दम वाढत नाही. मुलगी नुसती झिजते, आणि थकलेली मुलगी वाकडी उतरते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोटात गेली पाहिजे, दप्तराच्या कप्प्यात नाही. ती जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको. चहा आणि गोळी यांत एक-दोन तास जाऊ द्या. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. मळमळलं, शौचाला काळं झालं तर घाबरू नका. जंताची गोळी वर्षातून दोनदा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर आठवड्याच्या गोळीने भागत नाही, डॉक्टरांना दाखवा.

खाण्याबद्दल आपण उगाच लाजतो. कलेजी, रक्ती, मटण, सुकट यांतलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीराला सहज मिळतं. ज्या ताटाला नाकं मुरडली गेली, ते ताट खेळणाऱ्या मुलीच्या कामाचं आहे. मांस खात नसाल तर मोड आलेली मटकी, पालेभाज्या, नाचणी, त्यावर लिंबू. स्नायू दुरुस्त व्हायला अंडी, दूध, डाळ. आणि पोटभर भाकरी! सरावानंतर तासाभरात काहीतरी खाल्लंच पाहिजे, शेंगदाणे-गूळ किंवा भाकरी-डाळ का असेना. भाऊ जेवल्यावर उरलं तर तिला, हे खेळाडूच्या घरात चालणार नाही.

शेवटची गोष्ट आईने वाचावी. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर संशयाने बघू नका आणि कौतुकही करू नका. खर्च होतो तेवढं अन्न शरीराला मिळालं नाही की ते पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला केसासारखी चीर जाते. याला 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने वेगळं नावही दिलं. डॉक्टरांकडे न्या, खाणं वाढवा, सराव कमी करा. मुलीला हे पुरुष प्रशिक्षकाला सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक संघाबरोबर एखादी बाई असावी. शिकलेलीच हवी असं नाही, ऐकून घेणारी हवी.

आपल्या त्या मुलीचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं. आता चौथा महिना चालू आहे. नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून तिला मैदान अजून निदान पाच महिने नाही. वडील पुन्हा खेळू द्यायला तयार नव्हते. फिजिओथेरपीला ते स्वतः चार वेळा घेऊन गेले तेव्हापासून गप्प आहेत. सरांनी बेडूकउड्या बंद केल्या, उड्या सरावाच्या सुरुवातीला आणल्या. ही रोज संध्याकाळी कुबडी बाजूला ठेवून मैदानाच्या कडेला वही घेऊन बसते आणि लहान मुलींच्या उतरण्या मोजते. कुणी धप्पकन उतरलं की तिथूनच ओरडते, "आवाज आला, पुन्हा कर!"